अंगावर पिणाऱ्या बाळाचं वरचं खाणं: वरणाचं पाणी की खिमट? किती दाट, किती वेळा?

चिऊकाऊ

मुलगी येत्या २० तारखेला सहा महिने पूर्ण करेल. आजवर फक्त अंगावरचं दूध. पाणीसुद्धा दिलेलं नाही. वजन ६.९ किलो. मान धरली आहे, आधार दिला की बसते, कुणी जेवत असलं की घासाकडे टक लावून बघते. आता वरचं खाणं सुरू करायचंय आणि घरात मतांचा बाजार भरलाय. सासूबाई म्हणतात, महिनाभर वरणावरचं निवळ पाणीच द्यायचं, पोट नाजूक असतं. आई म्हणते नाचणीचं सत्त्व. शेजारच्या काकूंचं मत, गाईचं दूध निम्मं पाणी घालून. डॉक्टरांनी "घरचं मऊ खाणं सुरू करा" एवढं सांगितलं आणि पुढचा नंबर पुकारला.

मला मापात उत्तरं हवीत. पहिल्या दिवशी काय आणि किती? किती दाट? दिवसातून किती वेळा, दुधाच्या आधी की नंतर? मीठ, साखर, तूप, अंडं कधी? शिवाय २६ आठवड्यांची रजा संपत आली आहे, म्हणजे लवकरच दिवसभर मी घरी नसेन. त्या वेळांचं काय?

मऊसूत

सासूबाईंचं डाळीचं बरोबर आहे, चुकतंय ते पाणी.

आईच्या दुधात १०० मिलीला साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. वरणावरचं निवळ पाणी त्याच्या जवळपासही येत नाही, कारण डाळ खाली बसलेली असते आणि वर येतो तो फक्त पिवळा रंग. बाळाच्या जठरात किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे तुमच्या लेकीच्या पोटात एका वेळी २०० मिली. ती जागा पिवळ्या पाण्याने भरली तर दूध कमी प्यायलं जातं, आणि दुधापेक्षा हलकं काहीतरी पोटात जातं. "खातेय चांगली, पण वजन वाढत नाही" या तक्रारीत बहुतेक वेळा वाटीत वरणाचं पाणी, भाताची निवळ किंवा पातळ पेज असते.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा: अंगावरचं दूध नीट चालू असताना वरच्या खाण्यातून दिवसाला ६ ते ८ महिन्यांत साधारण २०० कॅलरी, ९ ते ११ महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. आपल्याकडचं खिमट यात चोख बसतं, फक्त ते खिमट असायला हवं, खिमटाचं कढण नव्हे.

तीन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ. दोन्ही वेगवेगळे धुऊन सुती कापडावर खडखडीत वाळवा आणि वेगवेगळेच भाजा, कारण तांदूळ फुलायच्या आत डाळ करपते. मंद आच ठेवा. तांदूळ पांढरेफटक होऊन किंचित फुलले, डाळीला खमंग वास सुटला की उतरवा. पूर्ण गार झाल्यावर दळा, नाहीतर वाफेने पिठाच्या गुठळ्या होतात आणि पावसाळ्यात आठवड्यात वास येतो. पहिले पंधरा दिवस बारीक, नंतर बारीक रव्याएवढी भरड. कोरड्या बरणीत महिनाभर पुरेल एवढंच करा.

शिजवताना या पिठाचे दोन मोठे चमचे (१५ मिलीचा चमचा, सपाट भरून, साधारण २० ग्रॅम) १५० मिली थंड पाण्यात आधी कालवा, मग गॅसवर ठेवा. उकळत्या पाण्यात टाकलंत की गोळे झालेच म्हणून समजा. मंद आचेवर ढवळत सात-आठ मिनिटं. उतरवल्यावर एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली तूप. पिठाच्या ७० आणि तुपाच्या ४०-४५ मिळून ११० ते ११५ कॅलरी झाल्या. असं दोनदा पूर्ण संपायला लागलं की दिवसाचे २०० सहज होतात. तूप काढलंत तर तेवढ्याच कॅलरीसाठी वाटी दीडपट मोठी करावी लागते, आणि पोट काही दीडपट होत नाही. म्हणून तूप हे लाड नव्हेत.

दाटपणा बघायचा तो चमच्यावर. चमचा तिरका केला तर ओघळायला नको. उलटा केला तर क्षणभर थांबून गोळा पडायला हवा. बाटलीच्या बुचातून जाईल असलं काहीही पातळ समजा.

पहिल्या दिवशी छोटे एक-दोन चमचे, दिवसातून एकदा, सकाळी दहा-अकराला. सकाळी अशासाठी की पुरळ, उलटी काही झालंच तर दिवसा कळतं. बाळ झोपाळलेलं किंवा भुकेने कळवळलेलं नसावं, थोडं दूध पाजून मग खाणं. आठवड्याच्या शेवटी दोन वेळा, दोन-तीन मोठे चमचे. आठवा महिना संपेपर्यंत २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा अर्धी वाटी आणि मध्ये एखादं फळ. तेव्हा आधी खाणं आणि मग दूध असा क्रम उलटवायचा. वर्षाला पाऊण ते पूर्ण वाटी. हे आकडे दिशा कळायला आहेत. बाळाने तोंड फिरवलं, ओठ मिटले की तो घास शेवटचा. वाटी संपवायची जबाबदारी बाळाची नाही.

गाईचं दूध पिण्यासाठी वर्षापर्यंत नको. त्यात लोह नाममात्र, आणि या वयात ते जास्त पोटात गेलं तर आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होऊ शकतो. पाणी घालून दिलं तर कॅलरीही निम्म्या. ताजं, आंबट नसलेलं दही मात्र सहा महिन्यांनंतर चालतं. लापशीत चमचाभर दूध पडलं तर त्यानेही आकाश कोसळत नाही.

सहाणवाल्या आजी

चिऊकाऊताई, मापं मऊसूत यांनी दिलीच आहेत, मी घरात ज्यावरून वाद होतात तेवढंच लिहिते.

उष्टावण. मुलाचं सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात, अशी रीत. त्यामुळे मुलींचं पाचव्यातच उरकायची घाई होते. सातवाही विषमच आहे, आणि सहा पूर्ण झाल्यावर सातवा लागतोच. मामाच्या मांडीवर बसवून त्यात करा, रीतही राहते आणि पोटही. खीर मात्र दाखवण्यापुरती, ओठाला लावण्याइतकी.

साखर आणि गूळ दोन वर्षांपर्यंत नको. गूळ "नैसर्गिक" म्हणून सुटत नाही, जिभेला आणि दातांना तो साखरच. मध वर्षाच्या आत चाटवायचासुद्धा नाही: त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या रुजतात आणि विष तयार करतात. त्याने बाळ ढिलं पडतं, चोखेनासं होतं, श्वासाचे स्नायूही थकतात. शिजवून बीजाणू मरत नाहीत, म्हणून "गरम खिमटात घातला" हा बचाव चालत नाही.

मीठ वर्षापर्यंत वरून घालायचं नाही. जिने मिठाचं खाल्लंच नाही तिला अळणी म्हणजे काय ते माहीत नसतं. अळणी लागतं ते चाखून बघणाऱ्या मोठ्यांना. घरच्या वरणातून द्यायचं तर मीठ-तिखट पडायच्या आधी डावभर बाजूला काढा. जिरं, हिंग, हळद चिमटीने चालेल.

गुटी. सहा महिन्यांच्या आत तर नकोच, पुढेही गरज नाही. सहाणेच्या खाचेत कालचं राहिलेलं असतं, दगड उकळला जात नाही, आणि वेढे किती द्यायचे हे हातागणिक बदलतं. जायफळाने बाळ गुंगतं. "गुटी दिली की शांत झोपतं" यात कौतुक वाटण्यासारखं काही नाही. वेखंडाची मात्रा घरी सांभाळता येत नाही. बदाम-खारीक द्यायची हौस असेल तर भिजवून, सोलून, मिक्सरवर वाटून खिमटात घाला.

आणि माळ्यावरचं बोंडलं (दूध पाजायचं चोचीचं भांडं) खाली काढू नका. त्याच्या चोचीत घासणी जात नाही, आत दुधाचा थर धरतो. बाटलीच्या बुचाचंही तेच. वाटी-चमचा बरा, उकळला की स्वच्छ. पाणी आता थोडं लागेल: खाणं झाल्यावर उकळून गार केलेलं दोन-चार घोट. खाण्याआधी पाजलंत तर भूक मरते.

भरडलेली नागली

नाचणी सत्त्वाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

एक म्हणजे नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवायचा. दिसायला शुभ्र, पचायला हलका. पण तो बहुतांशी नुसता स्टार्च. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं ते पूर्ण दाण्यात, आणि त्यातला मोठा वाटा सालात. फडक्यात उरलेला लालसर चोथा टाकला की ज्यासाठी नाचणी आणली तेच टाकलं.

दुसरं म्हणजे मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ. हे घ्या, किंवा घरी करा. नाचणी चार पाण्यांनी धुवा, खडे निथळून काढा, १० ते १२ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. फडक्यात सैल बांधून टांगा. एक ते दोन दिवसांत दाण्याएवढा पांढरा मोड दिसतो. बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला तर सगळं फेका, धुऊन वाचवायला जाऊ नका. कडक वाळवा, हाताने चोळून मोड झाडा, हलकं शेकून दळा, बारीक चाळणीने चाळा.

मोड आणण्याचं खरं कारण जीवनसत्त्वांपेक्षा वेगळंच आहे. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं पाचक द्रव्य (एन्झाइम) तयार होतं, ते स्टार्चचे लांब धागे तोडतं. साध्या पिठाची दाट लापशी गार झाली की खळीसारखी घट्ट होते. बाळाला गिळता येत नाही म्हणून आपण पाणी ओततो आणि कॅलरी पातळ होतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात यावर बरंच काम झालं आहे. दाट शिजवलेल्या लापशीत मोडाच्या पिठाची चिमूट टाकली तर ती पाणी न घालताच सैल होते.

करून बघण्यासारखं आहे. वाटीभर खिमट नेहमीपेक्षा दाट शिजवा, गॅस बंद करा, बोट क्षणभर टेकवता येईल इतकं निवू द्या. मग अर्धा छोटा चमचा मोडाचं पीठ घालून ढवळत राहा. दोन-चार मिनिटांत चमच्याला होणारा विरोध जातो आणि गोळा ओघळायला लागतो. यानंतर पुन्हा एक उकळी काढायचीच, कारण मोड आणताना जंतूही वाढलेले असतात. उकळत्यात पीठ टाकलं तर अमायलेज लगेच मरतं आणि काहीच घडत नाही. पीठ तांबूस होईपर्यंत भाजलं असेल तरी तेच. म्हणूनच वर "हलकं शेकून" म्हटलं.

मऊसूत यांच्या चमच्याच्या कसोटीशी याचं भांडण नाही. पाणी घालून आलेला पातळपणा वाईट. वाटीत पीठ तेवढंच असताना आलेला सैलपणा चांगला. सोलापूर-मराठवाड्याकडे हीच युक्ती ज्वारीच्या पिठावरही चालते.

लोखंडी कढई

सगळा भर कॅलरीवर चाललाय. सहा महिन्यांनंतर आधी कमी पडतं ते लोह. आईच्या दुधातलं लोह छान शोषलं जातं पण असतंच फार थोडं. पोटात असताना साठवलेलं सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतं. नुसत्या तांदूळ-मुगाने ती भर निघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत रक्तक्षय ६७.१ टक्के निघाला. घरी खायची ददात नसलेली मुलंही त्यात आहेत.

मांसाहार चालत असेल तर थांबायचं कारण नाही. कोंबडीची कलेजी पूर्ण शिजवून, किसणीवर किसून, आठवड्यातून एकदा मोठा चमचाभर. जास्त नको, कारण तीत अ जीवनसत्त्व खूप असतं. खिमा दोनदा बारीक करून. मासा द्यायचा तर पापलेट किंवा रावस, वाफवून, आणि काटा डोळ्यांनी नाही, बोटांनी चाचपून काढायचा. मोरी (शार्क) नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

अंडं सहा महिन्यांनंतर केव्हाही, पण पूर्ण उकडलेलं. "वर्षापर्यंत फक्त पिवळं" हा जुना सल्ला मागे पडला. पहिल्या दिवशी चण्याएवढा तुकडा कुस्करून, दुसऱ्या दिवशी दुप्पट. शेंगदाण्याचंही तसंच: २०१५ साली लंडनहून आलेल्या लीप अभ्यासात ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त होता त्यांना लहानपणीच शेंगदाणा खाऊ घातल्यावर ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसलं. आपल्याकडे डब्यात दाण्याचं कूट असतंच. साल काढून अगदी बारीक करा, कोमट पाण्यात कालवून खिमटात मिसळा. आधी चिमूट, मग अर्धा छोटा चमचा. सुरकुतलेले, काळपट, खवट दाणे आधीच वेचून टाका, बुरशीचं विष त्यांत असतं. अंगावर चिघळणारा इसब असेल किंवा अंड्याने आधीच गांधी उठल्या असतील तर शेंगदाणा डॉक्टरांना विचारूनच. गहू-रवा मागे ढकलण्याचीही गरज नाही.

शाकाहारी घरात डाळीचं प्रमाण वाढवा आणि त्याच घासात आंबट काहीतरी: चार थेंब लिंबू, टोमॅटोचा गर, बिया गाळलेला पेरू. क जीवनसत्त्वाने डाळ-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं, चहाने घटतं. चहात बुडवलेलं बिस्कीट हा आपल्याकडचा लाडका पहिला खाऊ. साखर, मैदा आणि लोहाला अडवणारा चहा असं तिहेरी पॅकेज. पालकाची कीर्ती मोठी, पण त्यातलं लोह फारसं हाती लागत नाही. लोखंडी कढईत आंबट वरण शिजवणं त्यापेक्षा उपयोगी.

एवढं करूनही शाकाहारी बाळाचं लोह बऱ्याचदा पुरत नाही, म्हणून ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत लोहाचं सिरप आहे: आठवड्यातून दोनदा १ मिली, त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. अंगणवाडी, आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. शी काळी होते, घाबरायचं नाही. बाळ दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचं जन्मलं असेल तर डोस आणि सुरुवात दोन्ही वेगळे, ते डॉक्टर ठरवतील.

ड जीवनसत्त्वाचे थेंब वर्षापर्यंत रोज ४०० युनिट, खाणं सुरू झालं म्हणून थांबवू नका. बाटली वाचून घ्या: काहींत १ मिलीत ४०० असतात, काहींत ८००. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं, ही चूक फार घरांत होते.

चिऊकाऊ

सगळ्यांचे आभार. खाणं सुरू होऊन बारा दिवस झाले. तीन अडचणी. एक, पहिले चार दिवस जीभ बाहेर काढून सगळं ढकलून दिलं. आता दोन मोठे चमचे जातात, पण जरा कण लागला की उबळ येते, म्हणून मिक्सरमधून काढते. दोन, आधी रोज शी व्हायची, आता तीन दिवसांनी घट्ट खडे. तीन, ऑफिस.

मऊसूत

जीभ ढकलणं ही नावड नसते. चोखताना जीभ पुढे येते, घास मागे न्यायला ती नव्याने शिकते. चमचा जिभेच्या टोकावर न ठेवता खालच्या ओठावर टेकवा आणि बाळाने ओठ मिटायची वाट बघा. वरच्या हिरडीवर पुसून घास आत सोडू नका. एखादी चव नाकारली तर दोन दिवसांनी पुन्हा चमचाभर. आठ-दहा वेळा समोर आल्यावर घेतात.

मिक्सर बंद करा. आता काट्याने किंवा हाताने कुस्करा, आठव्या महिन्यात मऊ कण, नवव्यात बोटांच्या चिमटीत दबेल असा तुकडा तिच्याच हातात. नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुळगुळीत पेस्टच दिली तर पुढे चावायचा कंटाळा पक्का होतो, आणि दोन वर्षांचं मूल पोळी तोंडात धरून बसतं.

उबळ आणि घास अडकणं यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. उबळीत आवाज येतो, चेहरा लाल होतो, जीभ पुढे येते, बाळ खोकून घास पुढे आणतं. अशा वेळी हात बांधून बसायचं. घास अडकला तर आवाजच बंद: रडणं नाही, खोकला नाही, ओठ निळसर. लगेच बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने पाच ठोके द्या. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, दोन बोटांनी पाच वेळा दाबा. पुन्हा ठोके. दुसऱ्याने १०८ लावायचा. घास दिसत नसताना तोंडात बोट फिरवलं तर तो आणखी खाली जातो.

म्हणून अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, डाळिंबाचे दाणे, कच्चं गाजर, सफरचंदाची कडक फोड लांबच. अख्खे दाणे तर पाच वर्षांपर्यंत. द्राक्ष उभं चिरून चार तुकडे. आडवं चिरलं तर नेमकं श्वासनळीच्या मापाचं बुच तयार होतं. खाऊ घालताना बाळ बसलेलंच हवं, झोपवून किंवा हसवत नाही.

शीचं म्हणाल तर तुमच्या वाटीत बहुधा तांदूळच तांदूळ आहे. पाच-सहा काळ्या मनुका रात्री भिजवा, सकाळी कुस्करून गाळा, तो गर द्या. पिकलेली पपई किंवा पेअर दोन चमचे. केळं सालीवर काळे ठिपके आलेलंच. हिरवट केळं उलट घट्ट करतं. तूप आहे ना, आणि खाण्यानंतर पाण्याचे घोट? आठवड्यात मऊ व्हायला हवी. शीत रक्त, पोट फुगून टणक, हिरवी उलटी यांपैकी काही दिसलं तर घरचे उपाय थांबवा आणि दाखवा.

जुलाब झाले तर उलटं: खाणं आणि दूध चालूच, सोबत ओआरएस, आणि सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंक रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी झिंक पूर्ण करायचं. बरं झाल्यावर दोन आठवडे एक खाणं जास्त.

दुपारची पाळी

ऑफिसबद्दल. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर रजा २६ आठवडे झाली, पण त्यातले आठपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. ज्यांनी ते घेतले त्या बाळ जेमतेम चार महिन्यांचं असताना रुजू होतात, आणि "आता द्या खिमट" सुरू होतं. तसं करायचं नसतं, तेव्हा काढून ठेवलेलं दूध. तुमचं वेळेवर जुळलंय.

निघताना एकदा आणि आल्याआल्या एकदा अंगावर, रात्री मागेल तसं. मधल्या आठ-नऊ तासांत खिमटाच्या दोन वेळा आणि काढलेलं दूध दोनदा-तीनदा, वाटी-चमच्याने. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ती खोली कुठे मिळणार? तेव्हा थेट फ्रीजमध्ये, दारात नाही तर आतल्या बाजूला; तिथे चार दिवस. भांड्यावर तारीख-वेळ लिहा आणि ५० ते ६० मिलीचे छोटे वाटे करा, म्हणजे उरलेलं ओतायची पाळी येत नाही. गरम करताना गॅस किंवा मायक्रोवेव्ह नको, कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवा. थर साचलेला दिसला तर नासलेलं नाही, साय वर आली आहे. गोल फिरवून एकजीव करा.

५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा कायद्यात आहे, रजेच्या अर्जासोबतच लेखी विचारून ठेवा.

चिऊकाऊ

एक शेवटचं. आज खिमटात माझंच काढलेलं दूध घालून ठेवलं होतं. तासाभराने बघितलं तर पार पाणचट. सकाळी अर्धी वाटी उष्टी राहिलेली, तीही तशीच झाली. पीठ खराब आहे का?

भरडलेली नागली

पीठ ठणठणीत आहे. मोडाच्या पिठात जे अमायलेज म्हटलं तेच आईच्या दुधात असतं आणि बाळाच्या लाळेतही. दूध घातलेली वाटी त्यामुळे सैल झाली. कॅलरी कुठे गेल्या नाहीत. दूध घालायचंच तर खिमट कोमट झाल्यावर, भरवायच्या वेळी.

उष्टी वाटी मात्र टाकायची. चमच्याबरोबर लाळ गेली, लाळेबरोबर जंतू, आणि आता ते सैल झालेल्या स्टार्चवर पोसले जातायत. उद्यापासून मोठ्या वाटीतून दोन चमचे छोट्या वाटीत काढा, त्यातूनच भरवा. मोठ्या वाटीत भरवायचा चमचा गेला नाही तर ते झाकून फ्रीजमध्ये संध्याकाळपर्यंत चालतं. देताना सणसणीत उकळी काढून मग निववा.